फेटियाआडचा कापूस

विमा कंपनीचा माणूस घरी येणार असता तर ममतानं त्याला पोहे खाऊ घातले असते, वर चहा दिला असता, आणि बोलण्याच्या नादात त्याला समोरच्या खोलीकडं फिरकू दिलं नसतं. पण माणूस येणारच नव्हता. दुपारी बारा वाजता यवतमाळहून एक मुलगी व्हिडिओ कॉल करणार होती. तिला फोनवरच घर खोलीखोलीनं दाखवायचं, आणि शेवटी घर ज्यांच्या नावावर त्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, चार वाक्यं तोंडानं बोलायची, असा आता नवा नियम निघाला होता. फोनला पोहे खाऊ घालता येत नाहीत, ही ममताची त्या सकाळची पहिली अडचण.

दुसरी अडचण समोरच्या खोलीत पंख्याच्या पात्यांपर्यंत रचलेली होती. अडतीस क्विंटल कापूस. दारव्ह्यात दिग्रस रस्त्याच्या लेआउटमध्ये हे घर बांधलं तेव्हा ती खोली पाहुण्यांसाठी म्हणून बांधली होती. पण दिवाळीपासून तिथं कापूस राहत होता आणि सोफा गच्चीवर ताडपत्रीखाली. कापसातल्या किड्यांनी घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती. ममताच्या नवऱ्याला, संजयला, मात्र खाजही गोड लागत होती, कारण भाव आठ हजारावर गेल्याशिवाय एक बोंडसुद्धा विकायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

तिसरी अडचण फक्त ममताला आणि संजयला माहीत होती. खोलीच्या मागच्या भिंतीवर, ढिगाच्या आड, विजेचा बोर्ड होता. बोरच्या मोटरची वायर त्याच्यातून गेलेली. आठ दिवसांपूर्वी कोपऱ्यातला कापूस घसरला आणि ममताला तो बोर्ड दिसला. एका बाजूनं काळा पडलेला, जळक्या प्लास्टिकचा वास. तिनं संजयला दाखवला. संजयनं हात घालून त्यावर काळी टेप गुंडाळली, कापूस पुन्हा वर सारला आणि म्हणाला, "झालं. शामले सांगू नको फक्त. तो लगेच शाळा भरवते."

तेव्हापासून ममता रोज सकाळी मोटर लावली की स्वयंपाकघरातल्या बटणापाशी उभी राहायची. टाकी निम्मी भरली की बंद. सासूबाई विचारायच्या, एवढ्या लवकर भरली? ती हो म्हणायची. रोज खोटं बोलायची सवय तिला नव्हती, आणि आठ दिवसांत तिची भूक गेली होती.

शाम साडेनवाला पुसदहून आला. हेल्मेट काढायच्या आधी त्यानं फाइल काढली. संजयचा धाकटा भाऊ, तिथल्या शाळेत मास्तर. घराचं कर्ज त्याच्या पगारावर होतं आणि तो स्वतः पुसदला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होता, ही गोष्ट तो कधी बोलून दाखवत नसे. फाइल मात्र दाखवत असे.

"घराचा विमा गेल्या साली एक्केचाळीसशे," तो पडवीत बसत म्हणाला. "यंदा सत्त्याण्णवशे."

"काहून पण?" संजय दाताला मिश्री लावत होता, त्यानं बोट तोंडातून काढलं. "घर वाढलं का आपलं?"

"घर नाही वाढलं. दोन वर्षांमागं नाल्याचं पाणी घरात आलतं, मागची भिंत पडली, आपण भरपाई घेतली. आता कंपनीच्या नकाशात आपला सगळा लेआउट लाल झाला."

"म्हणजे तवा देलं अन् आता वसूल करून राह्यले."

"भिया, त्या पैशानं भिंत उभी राह्यली. तुह्यासमोर राह्यली."

"मी कुठं नाही म्हणून राह्यलो? पण दुपटीच्या वर? नको भरू मग."

शामला हे उत्तर माहीत होतं. पुसदहून येताना वळणावळणावर त्यानं पुढचं वाक्य तयार केलं होतं. "नाही भरला तं बँक तिच्या मनानं विमा काढते अन् हप्त्यात जोडते. तो याच्याहून महाग. मी विचारून आलो. जुना विमा आज संपते." त्यानं समोरच्या खोलीकडं हनुवटी वळवली. "अन् सत्त्याण्णवशे हा राहत्या घराचा दर हाये. आत कापूस हाये म्हणून सांगितलं तं गोदामाचा दर. एकवीस हजार. तेही त्यांनी घेतलं तं. म्हणून म्हणतो, बारा वाजायच्या आत गाडी बोलाव अन् विकून टाक."

"आज? साडेसातवर?"

"आज."

"माझा कापूस तुह्या विम्यासाठी भाव पाडून विकू?"

"माझा विमा? घरात राहते कोण?"

इथं खरं म्हणजे संगीतानं शामच्या बाजूनं बोलायला हवं होतं. ती मधली बहीण, आर्णीला दिलेली, आदल्या दिवशीच आली होती. लहानपणापासून दोघं भाऊ भांडले की ती शामच्या मागं उभी राहायची. आईनं दिलेला लाडूसुद्धा ती त्याच्यासाठी अर्धा ठेवायची. शामनं तिच्याकडं पाहिलंही.

"भियाचं बराबर हाये," संगीता पदराला गाठ मारत म्हणाली. "भाव वाढून राह्यला. आठ दिवस थांबलं तं काय बिघडते?"

शामनं फाइल मिटली.

संगीताला त्याच्याकडं पाहवलं नाही. त्या ढिगातला दहा क्विंटल कापूस तिचा होता. नवऱ्याला, रामलालला, तिनं तो दिवाळीतच विकला म्हणून सांगितलं होतं, कारण रामलालच्या हाती पैसा पडला की त्याचं मोटारसायकलचं वेड उसळत असे, आणि संगीताला तो पैसा मुलीच्या नर्सिंगच्या फीला हवा होता. संजयनं गाडी भरून आणला, कोणाला सांगितलं नाही. आता या घरात शामला ती काय तोंडानं सांगणार? म्हणून ती घाईघाईनं पुढचं बोलली.

"विकायलेच पाहिजे असं कुठं हाये? फोनवर तं पाहणार न ती पोरगी. पुढची पाच-सहा फूट जागा मोकळी करू. कापूस मागं रेटू. सोफा खाली आणू. अन् मधी पडदा लावू."

संजयच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"पडदा," शाम म्हणाला. "कंपनीशी खोटं बोलायचं?"

"मग भर एकवीस हजार," संजय म्हणाला.

"भरतो! अन् पुढच्या महिन्यापासून घराचा हप्ता तू भर."

"हप्त्याचं तोंड नको दाखवू मले. घे तुहं घर. मी चाललो तांड्यात. तिथं माह्या बापाची जागा हाये, कोणाचा हप्ता नाही."

"जाय न! कोण धरून राह्यलं?"

हे सगळं पायरीवर बसून सासूबाई, मोतीबाई, ऐकत होत्या. त्या तुरी पाखडत होत्या आणि सूप कधीच थांबलं होतं. त्यांचे यजमान, तांड्याचे नायक फुलसिंग, जाऊन तीन वर्षं झाली होती. नायक असताना तांड्यातल्या किती भावांची भांडणं त्यांनी लिंबाच्या झाडाखाली बसून मिटवली, किती घरं दोन चुली होता होता वाचली. स्वतःच्या घरात ती वेळ आली तेव्हा ते फोटोत होते. हे दोघं आज तुटले तर पुन्हा जुळायचे नाहीत, एवढंच त्यांना दिसत होतं. कापूस दिसत नव्हता, विमा दिसत नव्हता.

"मी बोलीन," त्या म्हणाल्या.

"काय बोलशीन, याडी?" शामनं आईला विचारलं.

"जे बोलायचं ते. घर माह्या नावावर हाये न? मग मी बोलीन. लावा पडदा. अन् तुम्ही दोघं आता एक अक्षर बोलू नका एकमेकाले."

दोन तास घरात नुसती धावपळ झाली. संजय आणि शाम ढिगात कमरेपर्यंत शिरून कापूस मागं रेटू लागले, पायांनी दाबून चेपू लागले. मागची भिंत, बोर्ड, कोपरा, सगळं छतापर्यंत ठासलं गेलं. ममता दारात उभी राहून पाहत होती. एकदा ती म्हणाली, "मागं लय दाबू नका हो." संजयनं तिच्याकडं असं पाहिलं की ती गप्प झाली. दिराच्या देखत नवऱ्याला खाली पाहायला लावायचं नाही, हे ती या घरात आल्यापासून पाळत आली होती. आत्ताच सांगून टाकावं, असं तिच्या जिभेवर दहा वेळा आलं. पण दोघं भाऊ सकाळपासून पहिल्यांदाच एका कामाला लागलेले, घामाघूम झालेले, मधूनच एकमेकांच्या केसांतला कापूस झटकत होते. ते तिच्यानं मोडवलं नाही.

पडदा मात्र कुठलाच पुरेना. संगीतानं पेटी उघडली आणि आईचा फेटिया, बंजारा घागरा, काढला. मोतीबाईंच्या लग्नातला, लाल-काळा, घेराला आरसे आणि कवड्या. उसवून पसरला तर बारा हात भरावा असा. संगीतानं त्याची कंबरेची शिवण उसवली, दोरीवर ताणून लावला, दोन्ही टोकांना गोधड्या जोडल्या. कापूस दिसेनासा झाला. खोली एकदम लग्नघरासारखी दिसायला लागली.

मोतीबाईंनी दारातून पाहिलं आणि त्या उंबऱ्यावरच थांबल्या. त्या फेटियावरचा एकेक टाका त्यांच्या जाऊबाईंनी घातला होता, बसंतीबाईंनी. चाळीस वर्षांमागं तांड्यावर आग लागली ती कापसाच्या खोपटातून. कापूस दोन दिवस आतल्या आत धुमसत होता, धूर नाही, जाळ नाही. बसंतीबाई म्हणत होत्या, वास येऊन राह्यला. कोणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या कापूस ओढून काढायला आत गेल्या आणि वरून छप्पर खाली आलं. त्यानंतर मोतीबाईंनी कापसाच्या खोलीत कधी अंथरूण टाकलं नाही. दिवाळीपासून त्या स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्याखाली झोपत होत्या. मुलांना हे माहीत होतं. माहीत असूनही कोणाच्या लक्षात नव्हतं, इतकं ते जुनं झालं होतं.

"चांगला दिसते न, याडी?" संगीतानं विचारलं.

"हो," मोतीबाई म्हणाल्या.

शामनं आईला चार वाक्यं शिकवली. पहिलीतल्या मुलाला शिकवावं तशी, एकेक करून. या घराची मालकीण मी आहे. या घरात आमचं कुटुंब राहतं. या घरात व्यापाराचा किंवा जळाऊ माल ठेवलेला नाही. मी सांगितलेली माहिती खरी आहे. तिसरं वाक्य त्यानं तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मोतीबाईंनी चारही एका दमात म्हणून दाखवली.

बाराला पाच कमी असताना संगीतानं सोफ्यावरची धूळ पुसून काढली. चार बादल्या पाणी गेलं. नळ सू-सू करायला लागला तशी ती स्वयंपाकघरात गेली आणि टाकी भरू दे म्हणून मोटर लावली. कोणाला विचारायचं त्यात काही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार सर, मी पायल बोलतेय. सुरू करू या का?"

शामनं फोन दोन्ही हातांनी धरला होता. बाहेरची भिंत दाखवली, नाल्याकडची नवी भिंत दाखवली, गच्ची, स्वयंपाकघर. संजय त्याच्या मागं मागं, छायेसारखा. ममताला समोरच्या खोलीत एका कोपऱ्यात उभं केलं होतं, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं, फेटियाची दोरी धरायला. खिळा ढिला होता. दोरी सोडली तर पडदा खाली.

आणि तिथं उभं असताना तिला मोटरचा आवाज ऐकू आला.

कोणी लावली? कधीची लागलीय? तिनं दाराकडं पाहिलं. सगळे आतच येत होते. तिनं संगीताला डोळ्यांनी खुणावलं. संगीता हसली आणि बोटानं ओठांवर गप्पची खूण केली.

"सर, कॅमेरा थोडा उजवीकडं. हा तुमचा हॉल का?" पायलचा आवाज आला. "अय्या, पडदा किती सुंदर आहे! आरसे लावलेत?"

"फेटिया हाये तो, बाई," मोतीबाई पुढं सरकून म्हणाल्या. त्या सोफ्यावर मधोमध बसल्या होत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. "माह्या लग्नाचा."

"माझ्या आजीकडं पण होती अशी गोधडी. आजी, याच्या मागं काय आहे?"

शामनं फोन पटकन आईच्या तोंडाकडं वळवला. मागं, फेटियाच्या आड, ममताच्या कोपराला ठासलेला कापूस लागत होता, आणि तिला वाटलं की तो गरम आहे. तिला वाटलं म्हणून तसं, असं तिनं स्वतःला समजावलं.

"मागं भिंत हाये," मोतीबाई म्हणाल्या.

"बरं. आता तुम्ही ते चार मुद्दे सांगा आजी, म्हणजे माझं काम झालं."

मोतीबाईंनी सांगितले. एकही शब्द चुकला नाही. पायलनं आभार मानले, पैसे भरायची लिंक पाठवली, शामनं तिथंच उभ्या उभ्या सत्त्याण्णवशे भरले, आणि पाच मिनिटांत विम्याचा कागद त्याच्या फोनवर आला.

दोरी सोडून ममता स्वयंपाकघरात पळाली आणि मोटरचं बटण बंद केलं. बाहेर संजय शामच्या पाठीवर थापा मारत होता. "मास्तर, याडी तुह्याहून हुशार निघाली! मागं भिंत हाये म्हणे! पटकन, बरं, पटकन!" संगीता हसता हसता डोळे पुसत होती. शामसुद्धा हसला. ममतानं चहा ठेवला, कारण तिला दुसरं काही सुचेना.

चहा घेता घेता शाम कागद वाचू लागला. छापलेलं काहीही हातात आलं की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची त्याची खोड होती. वाचता वाचता त्याचा कप खाली आला.

"काय झालं?" संजयनं विचारलं.

"मालकानं देलेली माहिती खोटी निघाली तं करार सुरुवातीपासून रद्द. भरपाई नाही."

"कोण पाहाले येते?"

"आग लागली तं येते, भिया. सगळ्यात आधी तोच माणूस येते. राख पाहून सांगते काय जळलं ते." शामनं फोन उलटा ठेवला. "आपण सत्त्याण्णवशे देऊन कागद घेतला. विमा नाही घेतला."

"आग कायले लागते? काहीही नको बोलू."

ममताच्या हातातली बशी ओट्यावर आपटली. सगळ्यांनी तिकडं पाहिलं.

"बोर्ड काळा झाला हाये," ती म्हणाली. "मागचा. मोटरचा. आठ दिवस झाले. वास येऊन राह्यलता."

"ममता," संजय म्हणाला.

"बोलू द्या मले! मी रोज मोटर अर्धीच चालवून राह्यली. आज ती पूर्ण चालली, अन् तुम्ही त्याच्यावर सगळा कापूस दाबून ठासला."

"मोटर मी लावली," संगीता हळूच म्हणाली. "मले काय माहीत..."

"टेप मारली न मी त्याले!" संजय ओरडला.

शाम उभा राहिला. "टेप? अडतीस क्विंटल कापसात टेप? मले एक फोन नाही केला तुनं?"

"केला असता तं काय म्हटलं असतं तू? भियाले अक्कल नाही. मनात तं म्हणतेच न तू! पुसदहून येतं, फाइल काढतं, अन् आम्ही इथं बसलो ओरडून घ्याले!"

"मी म्हणलो कधी?"

"म्हणावं लागत नाही!"

"त्यातला दहा क्विंटल माझा हाये," संगीता मधेच म्हणाली. सगळं एकदाच होऊन जाऊ दे, असा तिचा चेहरा झाला होता. "शाम, म्हणून मी सकाळी भियाकडनं बोलली. यांच्यापासून चोरून ठेवला. घर जळलं तं मी काय तोंड दाखवू कोणाले?"

शाम भिंतीला टेकून खाली बसला. त्याला राग यायला हवा होता, आला नाही. आईला ते तिसरं वाक्य त्यानंच शिकवलं होतं. दोनदा म्हणवून घेतलं होतं.

"याडी कुठं गेली?" ममतानं विचारलं.

मोतीबाई समोरच्या खोलीत होत्या. सोफा त्यांनी एकटीनं बाजूला सारला होता. फेटिया दोरीवरून काढून, घडी करून खिडकीत ठेवला होता. कापसाच्या ढिगाला लागून त्यांनी आपलं अंथरूण घातलं होतं, उशाशी पाण्याच्या दोन बादल्या, एका हातात शेणाचं घमेलं उचलायचा जाड पंचा, तोही भिजवलेला. आणि त्या ढिगात खांद्यापर्यंत दुसरा हात खुपसून उभ्या होत्या, डोळे मिटून.

"याडी, हे काय करून राह्यली?" संजय दारातच थांबला.

"कापूस आतून ऊन लागते का पाहून राह्यली."

"बाहेर ये. मी पाहतो."

"त्या पोरीले मी सांगितलं, मागं भिंत हाये," मोतीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "भिंत तं नाही. मग कापूस जाईपर्यंत भिंत मीच. इथंच राहीन. दिवसा बी अन् रात्री बी. आठ हजार होऊ दे, दहा हजार होऊ दे. तुह्या मनासारखा भाव येऊ दे."

त्या अंथरुणावर बसल्या. बसताना एक क्षण त्यांचा हात थांबला, जमिनीला टेकायच्या आधी, आणि संजयनं ते पाहिलं. चाळीस वर्षं ही बाई कापसाच्या खोलीत निजली नव्हती. लहान असताना ढिगात खेळायला गेला की तिनं त्याला पायाला धरून ओढून काढलं होतं, फोड उठेपर्यंत मारलं होतं आणि मग स्वतःच रडत बसली होती. त्याला तेव्हा कळलं नव्हतं. आत्ता कळलं.

तो तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला आणि तिनं जिथं घातला होता तिथंच त्यानं हात घातला. कोपरापर्यंत थंड. खांद्यापर्यंत कोमट. त्यानं बोटं अजून पुढं नेली आणि झटकन हात बाहेर काढला.

"शाम," तो म्हणाला, "मेन बंद कर."

शाम आधीच धावला होता.

संजयनं कापसाच्या व्यापाऱ्याला फोन लावला. "रामरावजी, दोन गाड्या पाठवा. आत्ता. माणसं बी पाठवा, सहा-सात." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "जो असन तो भाव लावा. मी पुसत नाही."

"माझा बी," संगीता म्हणाली.

"तुहा बी."

मोतीबाई उठल्या नाहीत. माणसं आली, कापूस गाठोड्यांत भरून बाहेर जाऊ लागला, आणि त्या भिजवलेला पंचा हातात घेऊन तिथंच बसून राहिल्या. संजय एकदा म्हणाला, आता तरी बाहेर हो. त्यांनी मान हलवली. ममता त्यांच्या शेजारी येऊन बसली. साडेचारला ढीग छातीपर्यंत उतरला, पाचला गुडघ्यापर्यंत. कोपऱ्यातला कापूस काढताना मजूर ओरडला आणि मागं सरला. तो कापूस पांढरा नव्हता. चहाच्या रंगाचा झाला होता, मधे काळा, आणि मुठीत धरला की चुरा होत होता. त्यातून बारीकशी धुराची रेघ वर आली. मोतीबाईंनी पंचा टाकला, संजयनं एक बादली ओतली, शामनं दुसरी.

मग भिंत दिसली. बोर्डाभोवती ताटाएवढा काळा डाग, आणि तिथून छतापर्यंत गेलेला एक पट्टा. टेप वितळून खाली ओघळली होती.

संजय त्या भिंतीकडं पाहत उभा होता. शामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो काढला नाही.

"शाम," मोतीबाई म्हणाल्या, "त्या पोरीले फोन लाव. तसाच, तोंड दिसते तसा."

"याडी, सांगितलं तं विमा रद्द होईन. पैसे बी जातीन. उद्या बँक..."

"लाव म्हणलं न."

तीन-चार वेळा वाजल्यावर पायलनं उचलला. कार्यालयातून निघायच्या तयारीत असावी, खांद्याला पर्स होती. "बोला आजी, काही राहिलं का?"

मोतीबाईंनी फोन शामच्या हातातून घेतला. त्यांना कॅमेरा नीट धरता येत नव्हता. आधी त्यांचं कपाळ दिसलं, मग छत, मग पंखा. शेवटी काळी भिंत.

"दुपारी तू पुसलं होतं, मागं काय हाये," त्या म्हणाल्या. "मागं कापूस होता. मी खोटं बोलली. भिंत आता दिसून राह्यली. ही पाहाय."

पायलनं खांद्याची पर्स काढून खाली ठेवली. मग म्हणाली, "आजी, मला हे लिहावं लागेल."

"लिही."

"रद्द होईल. नव्यानं अर्ज करावा लागेल. आणि दर वाढेल, सर. आग लागली म्हणून नोंद होणार."

शामनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी संजय पुढं झाला. सकाळी विम्याबद्दल तोच म्हणाला होता, नको भरू. त्याच्या केसांत कापूस होता आणि हाताचा पंजा लाल झाला होता. त्यानं आईच्या हातावर हात ठेवून फोन आपल्याकडं वळवला.

"मॅडम," तो म्हणाला, "काय दर लागन तो सांगा. अन् यंदापासून अर्धा माह्याकडं लिहा."